शौचालय घराचे, आरोग्य परिसराचे : मूलभूत स्वच्छतेसाठी प्रादेशिक सहकार्याची गरज

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शौचालयांविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. काही देणगीदारांनी तो विश्वस्त मंडळापुढे मांडलाही. आपण दिलेल्या देणगीतून खाटा वाढाव्यात, नवी उपकरणे यावीत, गरीब रुग्णांवर उपचार व्हावेत, ही त्यांची अपेक्षा रास्त आहे. मग गावोगावच्या स्वच्छतेच्या कामात रुग्णालयाने वेळ व पैसा का घालावा? या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पावसाळ्याचे पहिले दोन महिने आमच्या बालरोग कक्षाची सर्वाधिक परीक्षा पाहतात. जुलाब-उलट्यांनी सुकून गेलेली बालके आणली जातात. शिरेतून सलाईन, जलसंजीवनी, झिंकच्या गोळ्या आणि परिचारिकांची अहोरात्र देखभाल यांमुळे बहुतेक बालके दोन-तीन दिवसांत हसती होऊन घरी जातात. परंतु ती ज्या अंगणात आणि ज्या पाणवठ्यावर परततात, तेथे काहीही बदललेले नसते. महिन्याभराने तेच मूल, किंवा त्याचे धाकटे भावंड, पुन्हा आमच्या दारी येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार अतिसाराने जगभरात पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ४० हजार बालके दरवर्षी दगावतात. हा आजार टाळता येण्याजोगा आहे व त्यावरील उपाय स्वस्त आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे दुःख अधिक तीव्र होते.

रोगाच्या पाच वाटा

अतिसार, पटकी, विषमज्वर, कावीळ (अ व ई प्रकारची), पोलिओ व आतड्यांतील जंत या सर्व रोगांचा उगम एकच आहे : माणसाची विष्ठा. रोग्याच्या विष्ठेतील जंतू निरोगी माणसाच्या तोंडापर्यंत पोहोचण्याच्या वाटा आरोग्यशास्त्राने पूर्वीच निश्चित केल्या आहेत. पहिली वाट पाण्याची, दुसरी हाताच्या बोटांची, तिसरी माश्यांची, चौथी शेतातील व अंगणातील मातीची. आणि या चारही वाटा ज्या पाचव्या वाटेला येऊन मिळतात, ती अन्नाची.

या वाटांवर दोन ठिकाणी अडसर घालता येतो. पहिला अडसर उगमापाशीच, म्हणजे विष्ठा उघड्यावर पडूच न देणे. हे काम शौचालय करते. दुसरा अडसर तोंडापाशी : साबणाने हात धुणे, पाणी शुद्ध करून झाकून ठेवणे, अन्न झाकणे. यांपैकी पहिला अडसर नसेल तर दुसऱ्यावर असह्य भार पडतो. घरातील माउली कितीही दक्ष असली, तरी शेजारच्या माळावरून उडत आलेली माशी ती किती वेळा हाकलणार?

येथेच या विषयाचे मर्म आहे. डोळ्यांत मोतीबिंदू झालेल्या व्यक्तीने शस्त्रक्रिया करून घेतली, तर तिला दिसू लागते. शेजाऱ्याने ती केली किंवा नाही, याने फरक पडत नाही. शौचालयाचे तसे नाही. माझ्या घरच्या शौचालयाने शेजाऱ्याच्या मुलाचे रक्षण होते आणि शेजाऱ्याच्या शौचालयाने माझ्या मुलाचे. म्हणून स्वच्छता एकट्याने साधत नाही. ती सर्वांनी मिळूनच साधावी लागते.

अर्ध्या गावाने का भागत नाही

या विचाराला शास्त्रीय पुरावाही आहे. ओडिशातील १०० गावांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गावांत शौचालये बांधण्याची मोहीम राबविली गेली, तेथे शौचालय असलेल्या घरांचे प्रमाण सरासरी ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांपर्यंत वाढले. तरीही त्या गावांतील बालकांच्या अतिसारात किंवा जंतांच्या प्रादुर्भावात घट आढळली नाही. बांधलेल्या शौचालयांचा वापर सर्वजण करीत नव्हते आणि उरलेली कुटुंबे उघड्यावरच जात होती. उगमापाशी घातलेला बांध मध्येच फुटका राहिला, तर पाणी अडत नाही.

या निष्कर्षाने शौचालये निरुपयोगी ठरत नाहीत. निम्म्या-पाऊण गावाने थांबू नये आणि बांधकामाच्या आकड्यांवर समाधान मानू नये, हा त्याचा अर्थ आहे. जी गोष्ट घराघरांची, तीच गावागावांची. एका गावाचा ओढा खालच्या गावाच्या विहिरीला मिळतो. आठवडी बाजार, यात्रा, ऊसतोड व वीटभट्टीसाठी होणारे स्थलांतर यांतून माणसे फिरतात, आणि त्यांच्याबरोबर जंतूही फिरतात.

महाराष्ट्राची परंपरा

या क्षेत्रात महाराष्ट्राला थोर वारसा लाभला आहे. संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडले आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडली. मुंबईत उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांची आबाळ पाहून त्यांनी धर्मशाळा उभारली, हे आमच्यासारख्या रुग्णालयाने सदैव स्मरावे असे कार्य आहे. कोकणात कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी मैला वाहण्याच्या अमानुष प्रथेविरुद्ध उभे राहून, खत देणाऱ्या साध्या शौचालयांचे प्रयोग केले.

आप्पासाहेबांच्या कार्यापासून प्रेरणा घेणाऱ्यांत देहूचे डॉ. मापुसकर हे एक होते. १९६० च्या सुमारास ते देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. अतिसार व जंतांचे तेच ते रुग्ण पुन्हा पुन्हा येत आहेत, हे त्यांनी पाहिले आणि औषधांच्या जोडीला शौचालयांचे काम हाती घेतले. पुढे अनेक दशके ते या कामात राहिले. शौचालयाला जोडलेल्या जैववायू संयंत्राची एक रचनाही त्यांनी विकसित केली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘पद्मश्री’ देण्यात आली. आज आम्हाला पडणारा प्रश्न एका वैद्यकीय अधिकाऱ्याला इतक्या वर्षांपूर्वी पडला होता आणि त्याचे उत्तरही त्यांनी कृतीने दिले होते.

राज्य शासनाने २०००–०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्या वेळचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी त्याला लोकचळवळीचे रूप दिले. गावागावांत स्पर्धा लागली, श्रमदानाने रस्ते झाडले गेले, भिंतींवर सुविचार उमटले. पुढे केंद्र शासनाच्या निर्मल ग्राम पुरस्कारांतही महाराष्ट्रातील ग्रामपंचायती आघाडीवर राहिल्या. परंतु पारितोषिकाचा उत्साह परीक्षण समिती परतल्यावर ओसरतो, हाही अनुभव आला. दशकभराच्या स्पर्धांनंतर झालेल्या २०११ च्या जनगणनेत राज्यातील सुमारे ५३ टक्के कुटुंबांच्याच आवारात शौचालय आढळले. देशात हे प्रमाण सुमारे ४७ टक्के होते.

बांगलादेशाकडून आलेला धडा

याच काळात एक महत्त्वाचा विचार शेजारच्या देशातून आला. १९९९–२००० च्या सुमारास बांगलादेशातील राजशाही जिल्ह्यातील मोसमोइल या गावी कोलकात्याचे कृषितज्ज्ञ डॉ. कमल कार यांनी तेथील स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्याने एक नवी पद्धत आजमावली. अनुदान देऊन शौचालये बांधण्याऐवजी ग्रामस्थांनाच एकत्र बसवून जमिनीवर गावाचा नकाशा काढायला लावायचा. कोण कोठे शौचास जाते, ते त्यावर दाखवायचे. गावात दररोज व वर्षभरात किती मैला साचतो, याचा हिशेब त्यांनीच करायचा. आणि तो शेवटी कोणाच्या पोटात जातो, हेही त्यांनीच शोधायचे. या शोधातून जो निश्चय होतो, तो अनुदानाने होणाऱ्या बांधकामापेक्षा अधिक टिकतो, असा अनुभव आला. गाव ठरवीत असे ते ‘एकाही माणसाने उघड्यावर जायचे नाही’ हे. किती शौचालये बांधायची, हा हिशेब त्यानंतरचा.

ही पद्धत अल्पावधीत भारतात आली. ती प्रथम स्वीकारणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. नांदेड आणि तत्कालीन अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांत तिचे आरंभीचे प्रयोग झाले. भारतीय तज्ज्ञाने बांगलादेशाच्या खेड्यात घडविलेली पद्धत मराठवाड्याच्या खेड्यात येते, हे प्रादेशिक सहकार्याचे बोलके उदाहरण होय. बांगलादेशात १९९० मध्ये सुमारे एक तृतीयांश लोक उघड्यावर शौचास जात होते. २०१५ पर्यंत हे प्रमाण सुमारे १ टक्क्यावर आले. उत्पन्नाची वाट न पाहताही हे साधते, हे त्या देशाने दाखवून दिले.

या पद्धतीची एक मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे. निश्चयाच्या जागी जेव्हा धाकदपटशा येतो, पहाटे शिट्ट्या वाजवून गरिबांना अपमानित केले जाते, तेव्हा मूळ हेतूच हरवतो. ज्याच्याकडे जागा नाही, पाणी नाही किंवा बांधकामाला पैसा नाही, त्याला लाजविण्याने रोग थांबत नाही. त्याला हात द्यावा लागतो, आणि हा हात गावानेच द्यायला हवा.

शेजारी देश एकत्र का आले

जंतूंना सीमा नसते. १९९२ मध्ये मद्रास येथे पटकीच्या जंतूचा ‘ओ १३९’ हा नवा प्रकार आढळला. काही महिन्यांतच तो बांगलादेशात पोहोचला आणि पुढे दक्षिण आशियातील इतर देशांतही पसरला. पारपत्र व व्हिसाची अडचण त्याला आली नाही.

उपाय मात्र सीमा ओलांडताना अडखळतात. त्यांना प्रयत्नपूर्वक वाट करून द्यावी लागते. जलसंजीवनीचा इतिहास याचा साक्षी आहे. तिच्यामागील संशोधन ढाका आणि कोलकाता येथील प्रयोगशाळांत झाले. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तियुद्धातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण नातेवाइकांच्याच हाती देऊन ते रुग्णांना पाजण्यास सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. पुढे १९८० ते १९९० या दशकात बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी गेल्या आणि त्यांनी सुमारे १ कोटी २० लाख कुटुंबांतील मातांना मीठ-गुळाचे पाणी करण्यास शिकविले. आमच्या बालरोग कक्षातील प्रत्येक पेल्यामागे हे सामाईक श्रेय आहे.

पोलिओच्या बाबतीतही हेच दिसते. भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे आढळला. परंतु प्रमाणपत्र एकट्या देशाला मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागातील सर्व देश पोलिओमुक्त ठरल्यावरच २७ मार्च २०१४ रोजी संपूर्ण विभागाला एकत्रित प्रमाणपत्र देण्यात आले. शेजाऱ्याचे यश हे आपल्या यशाची अट आहे, हे तत्त्व येथे औपचारिकपणे मान्य झाले.

स्वच्छतेच्या क्षेत्रात हे तत्त्व ‘सॅकोसॅन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दक्षिण आशियाई स्वच्छता परिषदेने पुढे नेले. पहिली परिषद २००३ मध्ये ढाका येथे भरली. त्यानंतर इस्लामाबाद (२००६), नवी दिल्ली (२००८), कोलंबो (२०११), काठमांडू (२०१३), पुन्हा ढाका (२०१६) आणि पुन्हा इस्लामाबाद (२०१८) येथे परिषदा झाल्या. ज्या देशांची इतर बाबतींत क्वचितच एकवाक्यता होते, ते या एका विषयावर एकाच मेजावर बसले, हीच मोठी गोष्ट होती. २००८ च्या दिल्ली जाहीरनाम्यात स्वच्छतेची सोय व सुरक्षित पिण्याचे पाणी हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य करण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव केला तो त्यानंतर, जुलै २०१० मध्ये.

जाहीरनाम्यांनी शौचालये बांधली जात नाहीत, हे खरे. परंतु अशा परिषदांमुळे एकमेकांचे अनुभव कळतात. नेपाळने राष्ट्रीय पातळीपासून गावापर्यंत समन्वय समित्या नेमल्या. शासन, संस्था व देणगीदार यांनी एकाच योजनेखाली काम करावे, असा दंडक घातला. कास्की हा त्या देशातील पहिला हागणदारीमुक्त जिल्हा २०११ मध्ये घोषित झाला आणि ३० सप्टेंबर २०१९ रोजी संपूर्ण देश. कराचीतील ओरंगी वस्तीत १९८० पासून डॉ. अख्तर हमीद खान यांच्या मार्गदर्शनाखाली एकेका गल्लीतील रहिवाशांनी वर्गणी काढून आपापल्या गल्लीची गटारे स्वतः घातली. मोठ्या वाहिन्या व शुद्धीकरण हे शासनाचे काम, अशी स्वच्छ वाटणी तेथे झाली. ही उदाहरणे आपल्या तालुक्यालाही उपयोगी पडतील अशीच आहेत.

बांधल्यानंतरचे काम

२ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाने देशाचे चित्र पुष्कळ पालटले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५–१६ मध्ये ३९ टक्के कुटुंबे कोणतेही शौचालय वापरत नव्हती. २०१९–२१ च्या पाहणीत हे प्रमाण १९ टक्क्यांवर आले. ही प्रगती समाधान देणारी आहे. तरीही जवळपास दर पाच कुटुंबांत एक कुटुंब बाहेर राहिले होते, आणि ओडिशाच्या अभ्यासाने दाखविल्याप्रमाणे उरलेल्यांचाच प्रश्न सर्वांचा प्रश्न ठरतो.

दुसरा प्रश्न खड्डा भरल्यानंतरचा आहे. दोन शोषखड्ड्यांचे शौचालय खेड्यासाठी सर्वांत सोयीचे. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा. पहिल्यातील मैल्याचे वर्ष-दीड वर्षात दुर्गंधीरहित खत होते. हा खड्डा विहिरीपासून साधारणतः १० मीटर किंवा अधिक दूर असावा. परंतु काळ्या चिकण मातीत पाणी जिरत नाही, अनेक घरांत एकच मोठी टाकी बांधली जाते, आणि ती वर्षानुवर्षे उपसली जात नाही. भरून वाहू लागलेली टाकी म्हणजे उघड्यावरील विष्ठाच होय. टाकी उपसण्यासाठी माणसाला आत उतरविणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही असे मृत्यू घडत राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या वारसांना द्यावयाची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. आपल्या आरोग्याची किंमत दुसऱ्याच्या प्राणाने चुकविली जाऊ नये, एवढे भान आपण सर्वांनी राखले पाहिजे.

यावर उपाय आहे, आणि तो पुन्हा सहकार्याचाच आहे. सातारा जिल्ह्यातील वाई नगरपालिकेने २०१८ पासून प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा यंत्राने उपसण्याचे वेळापत्रक आखले आणि गाळ शुद्धीकरण केंद्रात नेण्याची व्यवस्था केली. एकेका खेड्याला असे केंद्र व अशी गाडी परवडणार नाही. परंतु दहा-पंधरा गावांनी मिळून एक गाडी ठेवावी आणि जवळच्या शहराच्या केंद्रात गाळ न्यावा, हे शक्य आहे. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यातील मार्गदर्शनही याच दिशेचे आहे.

आपण काय करू शकतो

रुग्णालयाने गावोगावी शौचालये बांधावीत, अशी आमची भूमिका नाही. ते काम ग्रामपंचायतींचे व शासनाचे आहे. आमचे काम दुवा होण्याचे आहे. कोणत्या गावातून, कोणत्या वस्तीतून जुलाबाचे रुग्ण वारंवार येतात, हे आमच्या नोंदवहीला सर्वांआधी कळते. रुग्णाची ओळख गुप्त ठेवून ही माहिती शेजारच्या दोन्ही-तिन्ही ग्रामपंचायतींना व प्राथमिक आरोग्य केंद्राला वेळेवर कळविणे, त्यांना एकत्र बसविणे, पाण्याचे नमुने तपासण्यास साहाय्य करणे, हे अल्प खर्चात होण्यासारखे आहे. देणगीदारांकडून या कामासाठी आम्ही मागतो ते खाटांच्या तुलनेत थोडे आहे, आणि त्यामुळे किती बालकांना खाटेची गरजच पडत नाही, हे कोणत्याही फलकावर लिहिता येणार नाही.

स्त्रियांचा विचार येथे स्वतंत्रपणे करावा लागतो. अंधार पडेपर्यंत थांबावे लागते म्हणून कमी पाणी पिणाऱ्या, त्यातून मूत्रमार्गाच्या संसर्गाने त्रस्त होणाऱ्या भगिनी आमच्या बाह्यरुग्ण विभागात नेहमी येतात. शाळेत स्वच्छ शौचालय नसल्याने पाळीच्या दिवसांत घरी बसणाऱ्या मुलींची गैरहजेरी कोणत्याही केसपेपरवर नोंदली जात नाही. गावाच्या बैठकीत या स्त्रियांचा शब्द प्रथम ऐकला जावा, असा आमचा आग्रह राहील.

रुग्णांच्या नातेवाइकांना काही साध्या सूचना कराव्याशा वाटतात. शौचानंतर, बाळाची शी धुतल्यानंतर व स्वयंपाकापूर्वी हात साबणाने धुवावेत. लहान मुलांची शी निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे. तीही शौचालयातच टाकावी. जुलाब सुरू होताच एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते बाळाला थोडे थोडे पाजत राहावे, अंगावरचे दूध चालूच ठेवावे आणि बाळ मलूल झाल्यास, डोळे खोल गेल्यास किंवा शौचात रक्त दिसल्यास विलंब न करता रुग्णालयात आणावे.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांनुसार २०३० पर्यंत उघड्यावर शौचास जाणे सर्वत्र थांबावयाचे आहे. ढाका, काठमांडू, दिल्ली येथे जे तत्त्व मान्य झाले, ते आपल्या ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या गावाने मान्य करावे, एवढेच आता उरले आहे. पुढील पावसाळ्यापूर्वी परिसरातील ग्रामपंचायतींची एकत्र बैठक घेण्याचा विश्वस्त मंडळाचा मानस आहे. आपण सर्व देणगीदार, हितचिंतक आणि रुग्णांचे कुटुंबीय या कामी आम्हाला साथ द्याल, असा विश्वास आम्ही बाळगतो.